कापून बघा! : फळांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले : ‘वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात केळं ही बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी ही बेरी नाही.’ त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर फळांनाच देऊन टाकलंय. निम्मी पत्रं मुलांची आहेत, उरलेली मुलांच्या प्रश्नांनी हैराण झालेल्या मोठ्यांची. ३२ वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हाची माझी अट अजून तीच आहे : आधी फळ कापून बघायचं, मग बोलायचं. सुरी मोठ्यांच्या हातात.

तुमच्या त्या वाक्यावरून आमच्या घरात जेवताना भांडण झालं. स्ट्रॉबेरी बेरी नाही, तर मग आहे तरी काय? नावातच बेरी आहे की!
– दोन मुलांची आई

नावं ठेवताना कुणी वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारत नाही हो! आमच्या शास्त्रात बेरी म्हणजे फुलातल्या एकाच अंडाशयापासून तयार झालेलं, आतपर्यंत गराचं आणि कठीण कोय नसलेलं फळ. मराठी पुस्तकात त्याला मृदुफळ म्हणतात. द्राक्ष त्यात बसतं, टोमॅटो बसतो, वांगंसुद्धा बसतं, आणि केळं तर बसतंच.

स्ट्रॉबेरीचं गणित वेगळं आहे. तिचा लाल, रसाळ भाग म्हणजे फुलाचा तळ. फुलाच्या पाकळ्या ज्याच्यावर बसलेल्या असतात ते पुष्पासन फुगून लाल होतं. खरी फळं बाहेर चिकटलेली असतात. तुम्ही ज्यांना बिया म्हणता ना, ते पिवळे ठिपके! त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक अख्खं सुकं फळ, आणि बी त्याच्याही आत. म्हणजे एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकलीत की तुम्ही साधारण २०० फळं खाल्लीत.

आता कबुली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर स्ट्रॉबेरी काढून ठिपक्यांना बाण काढला आणि लिहिलं, ‘बिया’. शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, ‘मॅडम, एक ठिपका फोडून बघू या का?’ फोडला. आतून बी निघाली. त्या दिवसापासून मी आधी फोडते आणि मग बाण काढते.

याच फळाची जन्मकथा मुलांना जरूर सांगा, तीत चक्क एक हेर आहे. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी इंजिनिअर. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश तटबंदीची टेहळणी करायला राजाने त्याला १७१२ साली धाडलं. किल्ले पाहता पाहता त्याला चिलीत भल्या मोठ्या स्ट्रॉबेऱ्या दिसल्या. १७१४ साली परत येताना त्याने बोटीवरून पाच रोपं जिवंत आणली. रोपं फ्रान्समध्ये छान वाढली, पण फळ धरेनात. झालं होतं असं की त्याने मोठी फळं लागलेली रोपं निवडून आणली आणि ती सगळी मादी निघाली! पुढे शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचे पराग यांना मिळाले आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली. हा संकर आहे हे द्युशेन नावाच्या तरुण अभ्यासकाने १७६६ साली ओळखलं. आणि गंमत म्हणजे स्ट्रॉबेरीला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘फ्रेझ’. फ्रेझिएने फ्रेझ आणली! हे मी रचलेलं नाही.

आजी, केळ्याला बिया का नसतात? आणि नसतात तर केळीचं झाड येतं कुठून?
– वय वर्षं ९

तू केळं आडवं काप. चकतीच्या मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. त्यांच्या बिया व्हायच्या होत्या, पण झाल्या नाहीत. रानकेळं पाहशील तर त्यात काळ्या, दगडासारख्या टणक बिया ठासून भरलेल्या असतात आणि गर नावापुरता.

आता नीट ऐक. तुझ्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत सूचनांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत असे तीन संच असतात. बी तयार करताना या संचांची दोन सारखे वाटे करून वाटणी करावी लागते. दोन असले तर एक तुला, एक मला. तीन असले तर? तुमच्या घरात दोन भावंडांत तीन लाडू वाटताना जे होतं तेच केळ्यात होतं. वाटणी जमत नाही आणि बी काही बनत नाही.

मग नवी केळ येते जमिनीखालच्या कंदातून. कंदाला बाजूने कोंब फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. मुनवा खणून दुसरीकडे लावला की झाली नवी केळ, आणि ती आईची अगदी हुबेहूब प्रत असते. शिवाय तू ‘झाड’ म्हणालास तेही मी जरा दुरुस्त करते. केळीला लाकूड नसतंच. तो जाडजूड बुंधा म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. एकदा घड दिला की तो बुंधा मरतो आणि शेजारचा मुनवा त्याची जागा घेतो. शास्त्राच्या दृष्टीने केळ म्हणजे उंच वाढलेलं, भलं थोरलं गवतासारखं रोप.

हुबेहूब प्रती ऐकायला मजेशीर वाटतात, पण त्यात एक मोठी गोम आहे. तुझ्या वर्गात सर्दीची साथ आली तर सगळे आजारी पडत नाहीत, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं. केळी सगळ्या सारख्या. एकीला जो रोग झाला तो सगळ्यांना होणार. तुझ्या पणजोबांच्या काळात जगभर बोटींतून ‘ग्रो मिशेल’ नावाचं केळं जायचं. जमिनीतल्या एका बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने त्याच्या बागाच्या बागा बसवल्या आणि १९५० च्या दशकात व्यापाऱ्यांना ते सोडून दुसरं केळं धरावं लागलं. तेच आजचं कॅव्हेंडिश. जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी जवळजवळ निम्मी याची.

कॅव्हेंडिश हे एका इंग्लिश उमरावाचं घराणं. त्यांच्या चॅट्सवर्थच्या वाड्यातल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या हुशार माळीबुवांनी १८३० च्या दशकात ही केळ जोपासली. (काचघरं बांधता बांधता हात इतका बसला की याच पॅक्स्टनने पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. माळ्याने राजवाड्यासारखी इमारत काढली म्हणून मला हा माणूस फार आवडतो.)

दुर्दैवाने त्याच बुरशीचा एक नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही धरतो. २०१९ साली तो दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात पोहोचल्याचं उघड झालं. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ पुन्हा त्या बियांनी भरलेल्या, कुणी न खाणाऱ्या रानकेळ्यांकडे वळले आहेत. रोगाशी लढायचे गुण त्यांच्यात सापडतात.

तू न विचारलेलं एक उत्तर फुकट देते : केळं वाकडं का? घड खाली लोंबतो, पण वाढणारं प्रत्येक केळं आपलं टोक गुरुत्वाच्या उलट, वर वळवत राहतं. या ओढाताणीत त्याला कमान येते.

केळ्यात किरणोत्सार असतो असं मित्र म्हणतो. मी रोज दोन केळी खातो. काही होईल का?
– आठवीतला फुटबॉलपटू

मित्राचं खरं आहे, पण तू घाबरू नकोस. केळ्यात पोटॅशियम असतं आणि निसर्गातल्या सगळ्याच पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार अगदी किंचित मिसळलेला असतो. एका केळ्यात सेकंदाला साधारण १५ अणू फुटतात. आता हे त्या मित्राला सांग : माणसाच्या स्वतःच्या शरीरातलं पोटॅशियम सेकंदाला ४,००० च्या वर अणू फोडत असतं. म्हणजे केळ्यापेक्षा तोच जास्त किरणोत्सारी. जादा पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं, त्यामुळे केळी खाऊन ते साठत जात नाही.

मित्राला अजून चकित करायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत पिकल्या केळ्यावर अतिनील प्रकाशाची बॅटरी धर. साल निळसर चमकते. पिकताना हिरवं द्रव्य मोडतं, त्याच्या तुकड्यांमुळे हे होतं. २००८ साली शास्त्रज्ञांच्या हे लक्षात आलं. त्या बॅटरीत डोळा घालून बघू नकोस, तेवढं पाळ.

नातीने सफरचंदाची बी गिळली आणि पोटात झाड येणार म्हणून रात्रभर रडली. तिला मी काय सांगू? आणि खरंच बी लावली तर असंच गोड सफरचंद येईल का?
– एक आजोबा

आजोबा, तिला सांगा की तिचं पोट फार ऊबदार आहे. सफरचंदाच्या बीला उगवण्याआधी दोन-तीन महिने कडक थंडी लागते, नाहीतर ती झोपूनच राहते. अख्खी बी जशी आत गेली तशी बाहेर येते. झाडाचा बेतही तोच असतो : कुणीतरी फळ खावं आणि बी लांब कुठेतरी नेऊन टाकावी. फक्त मूठभर बिया मुद्दाम चावून खायच्या नाहीत. त्यात ॲमिग्डालिन असतं आणि चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. चुकून गेलेल्या एक-दोन बियांनी काही होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. एका सफरचंदातल्या पाच बिया लावल्यात तर पाच वेगवेगळी झाडं येतील, आणि बहुतेकांची फळं आंबट, तुरट, बारकी निघतील. सफरचंदाला बहुधा दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात, म्हणून प्रत्येक बी नवीच सोडत. आवडलेली जात टिकवायची तर कलमच करावं लागतं. ‘ग्रॅनी स्मिथ’ हे हिरवं सफरचंद अशाच सोडतीत लागलेलं बक्षीस. ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ या आजीबाईंच्या बागेत ते रोप आपसूक उगवलं, १८६८ च्या सुमाराला. आज जगात जिथे जिथे ग्रॅनी स्मिथ आहे, ते त्या एका रोपाचं कलमाचं कलम आहे.

मुळात सफरचंद कुठलं? कझाकस्तानातल्या डोंगरउतारांवर आजही रानसफरचंदाची जंगलं आहेत. तिथल्या अल्माती शहराच्या नावात ‘अल्मा’ आहे, म्हणजे सफरचंद. निकोलाय वाविलोव हा रशियन शास्त्रज्ञ १९२९ साली तिथे गेला आणि रानफळांची ती विविधता पाहून त्याने ओळखलं की सफरचंदाचं माहेर हेच. जगभर हिंडून पिकांच्या बिया जमवणारा हा माणूस पुढे स्टालिनच्या तुरुंगात १९४३ साली उपासमारीने गेला. हे नातीला आत्ताच सांगायचं की मोठी झाल्यावर, ते तुम्ही ठरवा.

आज तिला एवढंच करून दाखवा : सफरचंद नेहमीसारखं उभं न कापता आडवं कापा. मध्ये पाच टोकांची चांदणी दिसेल. रडणं थांबेल अशी माझी खात्री आहे.

अननस खाल्ला की माझी जीभ चुरचुरते. मला ॲलर्जी आहे का?
– पाचवीतली वाचक

चुरचुरणं थोडा वेळ राहून थांबत असेल तर ती बहुधा ॲलर्जी नसते. ओठ सुजत असतील किंवा अंगावर गांधी उठत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखव. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. तुझी जीभ प्रथिनांचीच आहे. शिवाय गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते आधी टोचतात आणि मग ब्रोमेलेनचं काम सोपं होतं. तू अननस खातेस तेव्हा अननसही तुला थोडं खातो म्हण ना! जीभ स्वतःला पटकन दुरुस्त करते, म्हणून तू जिंकतेस.

एका वाढदिवसाला मी जिलेटिनच्या जेलीत ताज्या अननसाचे तुकडे घातले होते. पाहुणे आले, रात्र झाली, जेली काही धरेना. जिलेटिन म्हणजे प्रथिनच. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी अननसाचं सरबत वाढलं! अननस आधी शिजवला असता तर ब्रोमेलेन निकामी झालं असतं आणि जेली धरली असती. ताजी किवी आणि ताजी पपई घातली तरी हेच होतं. घरी दोन वाट्यांत करून बघा, एकीत ताजा अननस, एकीत शिजवलेला.

खायच्या आधी त्याचे डोळे मोज. एकेक डोळा म्हणजे एकेका फुलाचं फळ, शेकडा-दोनशे फुलं जोडून एक अननस होतो. डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजल्यास तर एका दिशेने ८, दुसरीने १३ आणि तिसरीने २१ अशा येतात. पाच आणि आठ तेरा, आठ आणि तेरा एकवीस. गणिताच्या बाईंना दाखव.

टोमॅटोला तुम्ही सरसकट फळ म्हणता. आम्ही आयुष्यभर भाजी म्हणत आलो ते चूक?
– एक निवृत्त वकील

वकीलसाहेब, तुमच्या बाजूने तर अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आहे! तिथे १८८३ च्या कायद्याने आयात भाज्यांवर कर होता आणि फळांवर नव्हता. निक्स नावाच्या व्यापाऱ्याने न्यूयॉर्क बंदराच्या कर-अधिकाऱ्यावर, हेडनवर, दावा लावला : टोमॅटो फळ आहे, माझे पैसे परत द्या. कोर्टात शब्दकोश वाचून दाखवले गेले. १८९३ साली निकाल लागला की वनस्पतिशास्त्रात तो फळ असेलही, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, सबब भाजी. निक्स हरला. आपण दोघंही बरोबर आहोत, फक्त आपली कोर्टं वेगळी.

अंजिरात मेलेला किडा असतो हे खरं का? मुलीने अंजीर खाणं सोडलंय.
– काळजीत पडलेले बाबा

अंजीर हे आत वळलेल्या फुलांचं गाठोडं आहे. फुलं आत कोंडलेली, मग पराग पोहोचवणार कोण? काही जातींत एक इवलीशी गांधीलमाशी खालच्या बारीक छिद्रातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आणि ती आतच मरते. फायसिन नावाचं एन्झाइम तिला बरंचसं विरघळवून टाकतं. चावताना जे कुरकुरतं त्या बिया असतात, माशी नव्हे. पण लागवडीतल्या पुष्कळ जातींना पराग लागतच नाहीत, त्यांची फळं माशीशिवाय धरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत तशा मुलीला सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. लपवाछपवी केलीत तर ती पुढे केळंसुद्धा संशयाने सोलेल.

संत्रं पाण्यात तरंगतं की बुडतं? आमची पैज लागली आहे.
– जुळे भाऊ

दोघंही जिंकलात. सालीसकट टाका, तरंगतं. सोलून टाका, बुडतं. सालीत हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात, सोललंत की संत्र्याचं लाइफ-जॅकेट गेलं. सफरचंद सोललं तरी तरंगतं, कारण त्याच्या गरातच सुमारे पाव भाग हवा असते.

कच्ची द्राक्षं पिकलेल्या केळ्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवली. चार दिवस झाले, अजून आंबटच. केळ्यांजवळ ठेवलं की सगळं पिकतं ना?
– घाईत असलेली एक वाचक

सगळं नाही. पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो शेजाऱ्यांना ‘पिका’ म्हणून निरोप देतो. याचा माग लागला तो दिव्यांमुळे. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढताहेत आणि त्याला दिव्यांच्या गॅसमधला इथिलीन कारणीभूत आहे. फळं स्वतःच हा वायू तयार करतात हे १९३४ साली सिद्ध झालं.

आंबा, केळं, सफरचंद, टोमॅटो, किवी हा निरोप ऐकतात आणि तोडल्यावरही पिकत राहतात. द्राक्ष, संत्रं, स्ट्रॉबेरी, अननस, डाळिंब तोडल्यानंतर गोड होत नाहीत. वेलीवर किंवा झाडावर असताना जेवढी साखर मिळाली तेवढीच. तुमच्या पिशवीत चार दिवसांत फक्त केळी काळी पडली असतील. ती आधी खा.